घरी अंडी उबवायचं मशीन घेताय? आधी मुंबईच्या हवेचा हिशोब करा

पहिल्या खेपेला मी २२ अंडी लावली आणि पिल्लं निघाली चार. जुलै महिना होता, बाहेर धो धो पाऊस, आणि मी रोज सकाळी नेमाने मशीनच्या खालच्या ट्रेमध्ये पाणी भरत होते, कारण मशीनबरोबर आलेल्या कागदावर तसं लिहिलं होतं आणि यूट्यूबवरचे सगळे दादा पण तेच सांगत होते. २३ दिवस वाट बघून उरलेली अंडी फोडली तर आत पूर्ण वाढलेली पिल्लं, पिसं, चोच, नखं सगळं झालेलं, आणि अंग सुजलेलं, ओलंगच्च. कवच फोडायच्या आधीच गुदमरून गेलेली. खूप वाईट वाटलं, त्या दिवशी जेवण गेलं नाही मला. आजीच्या वेळेला खुडूक कोंबडी डालग्यात रवणीला बसवायचे, तिला ना मीटर ना पाण्याचा ट्रे, तरी तेरातली अकरा पिल्लं काढायची. मग माझं काय चुकलं हे शोधत बसले आणि त्यातून जे कळलं ते इथे लिहितेय. पाण्याचं पुढे सविस्तर येईलच, तोच मुद्दा मुंबईत सगळ्यात जास्त नडतो, पण आधी सुरुवातीपासून.

मशीन घ्यायच्या आधी घरात बसून एक गोष्ट बोलून घ्या की पिल्लांचं पुढे काय करायचं. निघालेल्या पिल्लांत साधारण निम्मे नर असतात आणि ते चार-पाच महिन्यांचे झाले की पहाटे पहाटे आरवायला लागतात. आमचं भांडुप गावातलं बैठं घर आहे, मागे खुराडं आहे, शेजारी पण कोंबड्या पाळतात त्यामुळे आम्हाला कुणी काही बोलत नाही. पण फ्लॅटमध्ये राहत असाल तर सोसायटीला आधी विचारा, आणि पिल्लं महिन्याभराची झाल्यावर गावाला कुणाकडे पाठवायची ते अंडी लावायच्या आधी ठरवा. नंतर "आता यांचं काय करू" म्हणून कुणाच्या तरी गळ्यात मारणं त्या पिल्लांवर अन्याय आहे, मी असं झालेलं बघितलंय.

आता अंडी. दुकानातली पांढरी अंडी लावून काही होत नाही, कारण लेयर फार्मवर, म्हणजे फक्त अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडाच नसतो, अंडी फलितच नसतात. तपकिरी अंडी गावठी म्हणून विकतात ती पण बऱ्याचदा फार्मचीच असतात, कवचाच्या रंगावरून गावठी ठरत नाही. जिथे आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरणाबांड कोंबडा फिरतोय अशा घरातूनच अंडी घ्या आणि जमलं तर स्वतः जाऊन कळप बघा. शिंका, डोळ्यात पाणी, पांढरी हगवण असं काही दिसलं तर अंडी फुकट दिली तरी घेऊ नका. पुलोरम आणि मायकोप्लाझ्मा हे रोग कोंबडीकडून अंड्यात आणि अंड्यातून पिल्लात येतात, मग मशीन कितीही भारी असो. गोरेगावला आरे कॉलनीत केंद्र सरकारची सेंट्रल पोल्ट्री डेव्हलपमेंट ऑर्गनायझेशन आहे, तिथे कुठल्या जाती आहेत, काय मिळेल याची चौकशी करता येते. आणि पक्षी आजारी पडले तर परळचं व्हेटर्नरी कॉलेज आहेच, १८८६ पासूनचं.

जातीबद्दल एवढंच सांगते की वनराजा, ग्रामप्रिया या संकरित आहेत, हैदराबादच्या पोल्ट्री संशोधन संस्थेत तयार केलेल्या. पक्षी चांगले आहेत, पण तुमच्या वनराजाच्या कोंबडीची अंडी घरी उबवलीत तर पिल्लं आईबापासारखी एकसारखी निघणार नाहीत. शुद्ध गावठी किंवा कडकनाथ असेल तर तो प्रश्न नाही. कडकनाथ मध्य प्रदेशातल्या झाबुआचा, त्याच्या मांसाला २०१८ मध्ये जीआय टॅग (त्या भागाची खास ओळख म्हणून मिळणारं मानांकन) पण मिळालाय. पण कडकनाथच्या नावावर बाजारात काय काय खपवतात ते माहीतच असेल, म्हणून आईबाप बघितल्याशिवाय पैसे देऊ नका.

अंडी निवडताना मध्यम आकाराची, नेहमीच्या घडणीची घ्या. फार लांबट, फार गोल, खडबडीत, पातळ कवचाची, आणि मोठाली डबल बलकाची बाजूला ठेवा, ती खा. तडा गेलेलं तर अजिबात नको. जरा मळकं असेल तर कोरड्या कापडाने हलकं पुसा, धुऊ नका. कवचावर एक नैसर्गिक पातळ थर असतो, तो धुतला की जंतू आत शिरायला रस्ता मोकळा. फारच घाण असेल तर ते लावूच नका.

आमची अंडी आत्याकडून पेणजवळच्या गावातून येतात, आणि मुंबई-गोवा हायवेवरून एसटीने आलेलं अंडं म्हणजे त्याने काय काय सोसलेलं असतं बघा. अंड्याच्या रुंद टोकाला आत हवेची पोकळी असते, हादऱ्यांनी ती सुटते, हलायला लागते. म्हणून प्रवासातून आलेली अंडी लगेच मशीनमध्ये टाकायची नाहीत, टोकदार बाजू खाली करून ट्रेमध्ये २४ तास शांत ठेवायची. आत्या आता प्रत्येक अंडं वर्तमानपत्रात गुंडाळून, भाताच्या तुसात रोवून डबा मांडीवर घेऊन येते, तेव्हापासून फरक पडलाय.

साठवायचं म्हणाल तर पुस्तकात ७ ते १० दिवस लिहिलेलं असतं, पण ते १५ ते १८ डिग्रीत ठेवलं तर. आपल्या खोलीत मे महिन्यात ३२-३३ डिग्री असतं, आणि साधारण २१ डिग्रीच्या वर गेलं की आतला गर्भ हळूहळू वाढायला लागतो, ना धड उबतोय ना धड थांबलाय अशा अवस्थेत राहतो आणि कमजोर होतो. फ्रिज उलट फार थंड पडतो, ४-५ डिग्री, तिथे ठेवू नका. मी घमेल्यात ओली वाळू, त्यात मातीचं मडकं आणि मडक्यात अंडी, तोंडाला सुती कापड असं करते, हिवाळ्यात चांगलं थंड राहतं, पावसाळ्यात हवाच ओली असल्याने तितकं नाही. त्यामुळे माझा नियम असा की उन्हाळ्या-पावसाळ्यात ४ दिवसांच्या आतली अंडीच लावायची, थंडीत आठवडा चालतो. संख्या कमी पडली तर पडू दे, जुनी भरती करू नका.

मशीनकडे वळू. पहिलंच घेत असाल तर २० ते ३० अंड्यांचं पुरे. शंभर अंड्यांचं घेऊन त्यात पंधरा लावणारे बघितलेत मी, आणि शंभर लावणारे पण, जे नंतर ऐंशी पिल्लांना ठेवायचं कुठे म्हणून रडकुंडीला आले. जाहिरातीतली संख्या बऱ्याचदा लहान अंड्यांवर मोजलेली असते, म्हणून ट्रेचा खाचा आपल्या अंड्याला बसतो का ते विचारा.

मी काय काय बघते ते सांगते. आत पंखा हवाच. पंखा नसलेल्या मशीनमध्ये गरम हवा वर आणि गार खाली असे थर होतात, मग त्यात तापमान अंड्याच्या वरच्या पातळीला मोजून साधारण ३८.५ ठेवावं लागतं, आणि नवीन माणसाला ते सांभाळणं अवघड जातं. पंखेवाल्यात सगळीकडे ३७.५ एकसारखं मिळतं. दुसरं म्हणजे अंडी आपोआप फिरवायची सोय. नोकरी करत असाल, सकाळी ७:४० ची फास्ट पकडून रात्री आठला घरी येत असाल तर हाताने फिरवणं जमणार नाही, ऑटोमॅटिकच घ्या. त्यात दोन प्रकार येतात, एक ट्रे तिरका होणारा आणि एक रोलरवर अंडी गडगडवणारा. वेगवेगळ्या आकाराची गावठी अंडी असतील तर मला तिरका होणारा ट्रे बरा वाटतो, रोलरवर लहान अंडी कधीकधी नुसती घसरतात, फिरत नाहीत. तिसरं, झाकणाला काच किंवा पारदर्शक खिडकी असावी, नाहीतर शेवटच्या तीन दिवसांत उघडून बघायचा मोह आवरत नाही आणि तोच घात करतो. चौथं, हवेची भोकं उघडझाप करता येणारी. पाचवं, १२ व्होल्ट बॅटरीवर चालायची सोय, याबद्दल पुढे.

थर्माकोलचं स्वस्त असतं आणि उष्णता छान धरतं, पण एकदा त्यात अंडं फुटलं की वास आणि जंतू खोलवर जातात, नीट धुता येत नाही. चार-पाच खेपांनंतर ते बदलायचंच असं धरून घ्या. प्लास्टिकचं महाग पण धुवायला सोपं, नेमाने वर्षानुवर्षं करायचं असेल तर तेच. पत्र्याचं मोठं कपाट घेत असाल तर आपल्याकडच्या खाऱ्या हवेने गंज लवकर धरतो हे लक्षात ठेवा. "९८ टक्के पिल्लं गॅरंटी" असं कुणी म्हणालं तर त्याच्याकडून घेऊच नका, कारण अंडं कसलं आहे हे त्याला माहीत नाही. त्यापेक्षा विचारा की कंट्रोलर बिघडला, मोटर जळली तर सुटा पार्ट मिळेल का. सुटा पार्ट मिळत असेल तर चार पैसे जास्त द्या.

स्वतः बनवायचं असेल तर तेही जमतं, माझ्या भावाने बनवलंय. मासळी बाजारातला थर्माकोलचा खोका (नवा घ्या, वापरलेल्याचा वास जात नाही), लॅमिंग्टन रोडवरून थर्मोस्टॅट (तापमान बघून बल्ब चालू-बंद करणारा), कॉम्प्युटरचा १२ व्होल्टचा पंखा, आणि ४० वॅटचे दोन साधे पिवळे बल्ब. एलईडी किंवा सीएफएल चालणार नाही, त्यांची उष्णता पुरत नाही. दोन बल्ब अशासाठी की एक उडाला तरी दुसरा तग धरतो, एकच मोठा बल्ब मध्यरात्री उडाला तर सगळी खेप गेली. वायरिंग मात्र येत असेल तरच करा, नाहीतर इलेक्ट्रिशियनला बोलवा. आत पाणी, बाजूला मेन लाईन, खोका पेट घेणारा, तिथे टेप गुंडाळून भागवू नका. आणि वापरताना ओल्या हाताने आत काही करायचं नाही, आधी प्लग काढायचा.

लाईट बिलाची भीती घालून घेऊ नका, छोट्या मशीनचा हीटर सारखा चालू नसतो, चालू-बंद होत राहतो. सरासरी ३० वॅट धरले तरी २१ दिवसांचे साधारण १५ युनिट होतात.

मशीन घरी आलं की लगेच अंडी लावू नका, खरंच नका. आधी दोन गोष्टी तपासायच्या. मशीनच्या डिस्प्लेवर ३७.५ दिसतंय म्हणजे आत ३७.५ आहे असं नसतं, माझ्या पहिल्या मशीनचा आकडा जवळपास एक डिग्री चुकीचा होता आणि मला ते तिसऱ्या खेपेला कळलं. घरात ताप मोजायचा थर्मामीटर असतो ना, तो या तापमानाला अचूक असतो. वाटीत कोमट पाणी घ्या, सेन्सरची वायर स्टीलच्या टोकाची असेल तर ती आणि थर्मामीटर एकत्र बुडवा आणि दोन्ही आकडे बघा, फरक असेल तेवढा सेटिंगमध्ये वळता करा. सेन्सर जाळीच्या प्लास्टिकचा असेल तर पाण्यात घालू नका, तो ओलावा मोजणारा असतो, खराब होईल, त्यापेक्षा थर्मामीटरच आत अंड्यांच्या जागी ठेवा. ओलाव्याचा मीटर तपासायचा तर बाटलीच्या झाकणात मीठ घ्या, थेंब थेंब पाणी घालून ओल्या रेतीसारखं करा, मीटरसोबत बंद डब्यात ८-१० तास ठेवा. तिथे ७५ टक्के दाखवायला पाहिजे. ७० दाखवला तर तुमचा मीटर ५ ने कमी वाचतोय.

मग रिकामं मशीन २४ तास चालवा. जागा अशी बघा की खिडकीतलं ऊन नको, एसीचा झोत नको, वरून पंख्याचा वारा नको, आणि येता-जाता धक्का लागणारी नको. आमच्याकडे देवघराशेजारच्या कोनाड्यात आहे.

अंडी लावताना प्रत्येकावर पेन्सिलने तारीख आणि एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल. मार्करने नाही, शाई कवचातून आत जाते. उभ्या ट्रेमध्ये टोकदार बाजू खाली. अंडी आत गेल्यावर तापमान खाली पडेल आणि काही तास वर येणार नाही, तेव्हा बटणं दाबत बसू नका, अंडी गरम व्हायला वेळ लागतो. लावल्याचा दिवस शून्य धरायचा, म्हणजे शनिवारी संध्याकाळी लावली तर २१ वा दिवस शनिवारीच येतो आणि सुट्टीला तुम्ही घरी असता. बदकाला २८ दिवस लागतात, मस्कोव्ही बदकाला ३५, टर्कीला २८, बटेरला १७-१८. पहिल्या खेपेला एकच जात लावा, कारण एकाला शेवटचा ओलावा लागतो तेव्हा दुसऱ्याला कोरडं हवं असतं.

तापमानात कमीपेक्षा जास्त वाईट. थोडा वेळ ३६ झालं तर पिल्लं जरा उशिरा निघतील, पण ३९.५ च्या वर काही तास गेलं तर खेपच जाऊ शकते.

आता पाणी. हा भाग नीट वाचा, बाकी विसरलात तरी चालेल.

अंड्यातून २१ दिवस पाणी उडत असतं आणि ते उडालंच पाहिजे. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचं वजन साधारण १२ टक्के कमी व्हायला हवं. तेवढं पाणी गेलं की रुंद टोकाची हवेची पोकळी मोठी होते, आणि पिल्लू बाहेर यायच्या आधीचा पहिला श्वास त्याच पोकळीतून घेतं. मशीनमध्ये ओलावा जास्त ठेवला तर पाणी उडत नाही, पोकळी लहान राहते, पिल्लू सुजतं आणि आत बुडतं. माझ्या त्या पहिल्या खेपेचं हेच झालं. ओलावा फार कमी ठेवला तर उलट, पडदा सुकून पिल्लाला घट्ट चिकटतो.

कागदावर लिहिलेलं असतं की पहिले १८ दिवस ४५ ते ५५ टक्के ठेवा. ते बरोबरच आहे, पण "म्हणून पाणी भरा" हे कोरड्या हवेच्या जागेला लागू. हवा तापवली की तीच हवा कोरडी वाटायला लागते, कारण गरम हवा जास्त वाफ धरू शकते. जुलैत आपल्याकडे २८ डिग्री आणि ८५ टक्के ओलावा असेल आणि तीच हवा मशीनने ३७.५ पर्यंत तापवली तर आतला ओलावा आपोआप ५० टक्क्यांच्या आसपास येतो. म्हणजे एक थेंब पाणी न घालता तुम्हाला हवं तेवढं झालं! त्यावर मी रोज ट्रे भरत होते म्हणजे ६५-७० टक्के करून ठेवत होते. मे महिन्यात पण जवळपास तेच गणित. जानेवारीत मात्र २४ डिग्री आणि ६० टक्के असेल तर आत ३० च्याही खाली जातं, तेव्हा पाणी हवंच. नाशिक, सोलापूरकडचा माणूस उन्हाळ्यात पाणी भरा म्हणतो तो त्याच्या जागी बरोबर आहे, त्याची हवा वेगळी. एसीच्या खोलीत मशीन असेल तर पावसाळ्यात पण हवा कोरडी असते, तिथे वेगळा हिशोब.

मीटरपेक्षा पण खात्रीचा उपाय म्हणजे वजन. सोनाराकडे असतो तसा छोटा डिजिटल काटा घ्या, किंवा किचनचा साधा पण चालेल. लावायच्या दिवशी सगळ्या अंड्यांचं मिळून वजन करा आणि मग दर ६ दिवसांनी ४ टक्के कमी झालंय का बघा. समजा १२ अंडी ६०० ग्रॅम भरली, तर सहाव्या दिवशी ५७६, बाराव्या दिवशी ५५२, अठराव्या दिवशी ५२८ च्या जवळपास हवीत. मधे रिकामी अंडी काढलीत तर त्यांचं वजन सुरुवातीच्या आकड्यातून पण वजा करा, नाहीतर हिशोब फिस्कटतो. काट्यावर वजन हवं त्यापेक्षा कमी भरलं म्हणजे पाणी जास्त उडतंय, तर ट्रेमध्ये थोडं पाणी घाला. वजन अजून जास्तच आहे तर पाणी काढून टाका आणि हवेची भोकं मोठी करा. पाण्याचा ट्रे किती खोल आहे त्याने फरक पडत नाही, वरून पसरट किती आहे त्याने पडतो, म्हणून कमी हवं तर मी एका छोट्या वाटीत घालते. हे सुरू केल्यापासून माझ्याकडे फलित अंड्यांतली दहातली सात-आठ पिल्लं निघतात, पावसाळ्यात सुद्धा.

फिरवणं. मशीन दर एक-दोन तासाला आपोआप करतं, हाताने करत असाल तर दिवसातून कमीत कमी तीनदा, आणि संख्या विषम ठेवा म्हणजे रात्रीची लांब वेळ रोज एकाच कुशीवर जात नाही. न फिरवता राहिलं तर गर्भ कवचाच्या पडद्याला चिकटतो. खुडूक कोंबडी चोचीने दिवसातून कितीतरी वेळा अंडी सरकवत असते ती उगीच नाही. हात धुऊनच हात लावायचा, आणि हात लावून झाल्यावर पुन्हा धुवायचा.

सातव्या दिवशी रात्री लाईट बंद करून मोबाईलचा टॉर्च लावा, टॉर्चवर पुठ्ठ्याची नळी आणि नळीवर अंड्याची रुंद बाजू. आत लाल कोळ्यासारख्या शिरा आणि मधे हलणारा ठिपका दिसला तर समजा जिवंत आहे, पहिल्यांदा बघाल तेव्हा अंगावर काटा येतो. काहीच नाही, नुसतं पिवळं स्वच्छ दिसतंय तर फलित नव्हतं. शिरा नाहीत पण लाल कडं दिसतंय म्हणजे सुरू होऊन मेलं. शंका असेल तर राहू दे, तीन दिवसांनी परत बघा. तपकिरी कवचात नीट दिसत नाही, घाई करू नका. चौदाव्या दिवशी परत बघा, आणि अठराव्याला पोकळी सोडून सगळं काळं दिसायला हवं. मधेच एखाद्याला वास यायला लागला, बाहेर ओघळ दिसला तर ते लगेच जपून काढा, आत फुटलं तर सगळ्यांना लागण.

लाईट गेली तर काय, हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारतात. मुंबईत रोज जात नाही म्हणून लोक गाफील असतात. १२ ऑक्टोबर २०२० ला सकाळी दहाच्या सुमारास सगळ्या मुंबईची वीज गेली होती आठवतंय? माझी अंडी तेव्हा चौदाव्या दिवशी होती आणि आमच्याकडे यायला दुपार उलटली. मी झाकण उघडलं नाही, मशीनवर गोधडी टाकली पण हवेची भोकं मोकळी ठेवली, आणि गरम पाण्याच्या दोन बाटल्या गोधडीच्या आत मशीनला टेकून ठेवल्या, गार झाल्या की बदलत राहिले. एक दिवस उशिरा निघाली पण निघाली. मोठे गर्भ स्वतःची उष्णता तयार करतात, त्यामुळे थोड्या थंडीने ते जात नाहीत, पण हवा कोंडली तर जातात, म्हणून भोकं बुजवायची नाहीत. त्यानंतर मी १२ व्होल्टवर चालणारं मशीन घेतलं आणि इन्व्हर्टरला जोडलं.

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. अंडी आडवी, खाली जाळीची खरखरीत चटई किंवा जुना टर्किश टॉवेल, गुळगुळीत प्लास्टिकवर पिल्लांचे पाय फाकतात आणि मग उभं राहता येत नाही. आता मात्र पाणी भरा, ओलावा ६५ ते ७० टक्के. पावसाळ्यात एका ओल्या स्पंजने पण होतं. आणि झाकण बंद ते बंद. ओलावा वाढावा म्हणून भोकं बुजवणारे लोक आहेत, तसं करू नका, या तीन दिवसांत पिल्लांना सगळ्यात जास्त हवा लागते.

विसाव्या दिवशी आतून बारीक चिवचिव ऐकू येईल, मग कवचाला एक टवका. टवका उडाल्यावर बारा ते चोवीस तास काहीच होत नाही असं वाटतं, पिल्लू नुसतं पडून असतं, मधे मधे चोच हलवतं. ते विश्रांती घेतंय आणि उरलेला बलक आणि शिरांमधलं रक्त पोटात ओढून घेतंय. या वेळी मदत म्हणून कवच सोललंत तर रक्त येऊन पिल्लू मरतं. मी दोन मारलीत अशी, मायेपोटीच, पण मारलीत. आणि एकासाठी झाकण उघडलं की बाकीच्यांचा ओलावा जातो, त्यांचे पडदे सुकून ती अडकतात. निघालेली पिल्लं आतच सुकू दे, एक दिवस आत राहिली तरी उपाशी मरत नाहीत, बलक पोटात असतो, त्यावर दोन दिवस आरामात काढतात. टवका पडून २४ तास उलटले, चिवचिव कमी होत चालली आणि पडदा पांढरा कडक दिसतोय, तरच कोमट पाण्याच्या बोळ्याने तो पडदा ओला करा, आणि थांबा.

सुकून फुगली की खोक्यात, खाली भाताचं तूस, वर ६० वॅटचा पिवळा बल्ब, त्यांच्या पातळीला ३५ डिग्री आणि दर आठवड्याला तीनेक डिग्री कमी. थर्मामीटरपेक्षा पिल्लं बघा, बल्बखाली गोळा होऊन ओरडत असतील तर थंडी वाजतेय, कडेला जाऊन धापा टाकत असतील तर गरम होतंय. आधी गुळाचं कोमट पाणी उथळ थाळीत, थाळीत खडे टाका म्हणजे बुडत नाहीत, मग मक्याची भरड, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं तयार खाद्य. लसीचं जवळच्या पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारा, पहिल्या आठवड्यात लासोटा (राणीखेत रोगाची लस) आणि दुसऱ्या आठवड्यात गंबोरो रोगाची लस चुकवू नका. खोक्याला बारीक लोखंडी जाळी हवीच, आपल्याकडे घुशी आणि मांजरं दोन्ही आहेत. आणि पक्षी पटापट मरायला लागले तर लपवू नका, पशुसंवर्धन खात्याला कळवा. देशातला पहिला बर्ड फ्लू २००६ मध्ये आपल्याच महाराष्ट्रात, नवापूरला सापडला होता.

२३ व्या दिवसानंतर उरलेली अंडी फेकायच्या आधी फोडून बघा, नाक दाबून का होईना. पुढच्या खेपेचं उत्तर त्यातच असतं. पूर्ण वाढलेलं पण सुजलेलं ओलं, तर पाणी जास्त झालं. पडद्यात आवळलेलं कोरडं, तर पाणी कमी किंवा शेवटी झाकण उघडलंत. सगळी खेप १९-२० व्या दिवशीच निघाली आणि बेंबी नीट मिटलेली नाही, तर तापमान जास्त. २२-२३ ला ओढत ओढत निघाली तर कमी. पहिल्या आठवड्यातच बरीच मेलेली असतील तर अंडी शिळी होती किंवा प्रवासात हादरली. वहीत लिहून ठेवा, महिना, हवा, पाणी घातलं की नाही, वजन. माझ्या वहीत आता चार पावसाळ्यांच्या नोंदी आहेत आणि नवीन खेप लावताना मी मशीनबरोबरचा कागद नाही, ती वही उघडते.

मशीन त्याच दिवशी साफ करा, लव आणि कवच वाळून चिकटली की निघत नाही. प्लग काढा, मोटर आणि कंट्रोलरला पाणी लागू न देता साबणाच्या पाण्याने पुसा, मग पातळ ब्लीचच्या पाण्याने, आणि पूर्ण सुकू दे. फॉर्मॅलिनचा धूर द्या असं कुणी सांगेल, घरात तो प्रकार करू नका, विषारी असतो. पावसाळ्यात मी पुसून झाल्यावर मशीन रिकामंच तासभर चालू ठेवते, आत दमटपणा राहिला तर आठवड्यात बुरशी धरते.